गुडघ्यांची वाटणी

मानवी शरीरात गुडघा हा एकच अवयव असा आहे, की तो कुणाचाही दुखला तरी त्यावर मत देण्याचा अधिकार सर्व नागरिकांना जन्मतःच प्राप्त होतो. हृदयाच्या बाबतीत लोक दबून असतात. मूत्रपिंडाचा विषय निघाला की घड्याळाकडे बघतात. पण ‘गुडघा’ एवढा शब्द कानावर पडू द्या, रस्त्याने चाललेला माणूस थांबतो, हातातली पिशवी खाली ठेवतो आणि आपल्या मावससासूला कशाने बरं वाटलं ते सांगू लागतो. आमच्या पाहणीनुसार (ती आमच्याच दिवाणखान्यात झाली) शंभरातल्या नव्याण्णव जणांना गुडघेदुखीवर हमखास उपाय ठाऊक असतो. शंभरावा डॉक्टर निघतो, आणि तो म्हणतो, वय झालं की व्हायचंच.

मी कचेरीत परिपत्रकं लिहीत निवृत्त झालो, त्यामुळे जे झालं ते क्रमवार आणि कुणाचीही बाजू न घेता सांगू शकेन असा माझा समज आहे.

गुडघे माझ्या बायकोचे. ती शिवणकाम करते. हार्डवेअरच्या दुकानावरची एक खोली, वर जायला बाहेरून लोखंडी जिना, खोलीत पायाने चालवायचं मशीन, कापायचं मोठं टेबल आणि गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे व दुसऱ्या शिंप्यांनी बिघडवून ठेवलेलं सगळं. त्या खोलीत तिला कुणी आई, वहिनी, सूनबाई म्हणत नाही. गिऱ्हाईक विचारतं, ‘बाई, माझं झालं का?’ आणि ती बिनदिक्कत ‘नाही’ म्हणते. घरात तिला ‘नाही’ म्हणायची सोय नाही, म्हणून ते दुकान तिचा जीव की प्राण आहे.

तर दोन्ही गुडघे जिना चढताना कुरकुरू लागले. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला, कूर्चा झिजली आहे म्हणाले, इतक्यात शस्त्रक्रियेची गरज नाही म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. ही बातमी घरी पोचण्याआधी नातेवाइकांत पोचली. (कशी, ते आजवर उलगडलेलं नाही. डॉक्टरांच्या दारात बसलेल्या प्रत्येक माणसाला कुणाची तरी नणंद असते, एवढंच म्हणता येईल.)

आमच्याकडे उपचारांचे दोन संप्रदाय झाले. पहिला बायकोच्या थोरल्या बहिणीचा. त्यांना सगळे ताई म्हणतात. ताईंचा विश्वास चुंबकाच्या पट्ट्यावर, तांब्याच्या कड्यावर आणि कोबीच्या पानावर. पान गुडघ्यावर बांधून झोपायचं, सकाळी ते सुकलेलं दिसलं की दुखणं पानात उतरलं असं समजायचं. दुसरा संप्रदाय माझ्या थोरल्या बहिणीचा. त्यांना बायको वन्सं म्हणते, म्हणून सगळी गल्ली वन्सं म्हणते. वन्संचा भरवसा एका उग्र वासाच्या तेलावर, गरम वाळूच्या पुरचुंडीवर आणि सुया टोचणाऱ्या एका गृहस्थांवर. हे गृहस्थ पूर्वी घड्याळं दुरुस्त करत. वन्संच्या मते हात साफ असायला याहून वेगळं शिक्षण लागत नाही.

सुरुवातीला दोन्ही संप्रदायांनी दोन्ही गुडघ्यांवर काम केलं. परिणाम असा झाला की तेलावर बांधलेला पट्टा घसरून घोट्यावर यायचा, आणि एकदा कोबीच्या पानावर गरम वाळू ठेवली गेल्याने खोलीत भाजी शिजल्यासारखा वास सुटून शेजारी जेवायला वाढलंय का म्हणून विचारून गेले. पण खरा प्रश्न वेगळाच होता. त्या आठवड्यात बायको सहज बोलून गेली, की आज जरा बरं वाटतंय. झालं! कशामुळे, यावरून ताई आणि वन्सं यांनी एकमेकींशी बोलणं टाकलं. बरं वाटणं हे दुखण्याहून महागात पडतं हे मला तेव्हा कळलं.

अखेर मी मध्यस्थी करून पुढीलप्रमाणे तह घडवून आणला:

एक. डावा गुडघा माहेरचा, उजवा सासरचा. (हृदय डावीकडे असल्याने ताईंची मागणी रास्त ठरली.)

दोन. तेल ओघळून हद्द ओलांडल्यास त्या तेलाचा गुण धरला जाणार नाही.

तीन. रुग्णाने पायावर पाय टाकून बसू नये.

चार. कंबर, खांदे इत्यादी भाग या तहाच्या बाहेर असून त्यांवर दोन्ही बाजूंनी तूर्त हक्क सांगू नये.

तह सर्वांना पसंत पडला. रुग्णाचं मत घेता आलं नाही, कारण त्या वेळी ती आत ओट्याशी उभी राहून सगळ्यांसाठी चहा करत होती.

आता यातली पंचाईत पाहा. ताई यायच्या त्या डावा गुडघा बघायला. डावा बरा आहे हे ऐकून त्यांचं समाधान व्हायचं नाही. उजवा बरा नाही हेही दिसावं लागायचं, नाहीतर पट्ट्याचं श्रेष्ठत्व सिद्ध कसं व्हायचं? वन्संचं नेमकं उलट. माझी बायको मनाने मऊ. जिने उन्हातून कोबी उराशी धरून आणला तिला नाराज कसं करायचं, असं तिला वाटायचं. म्हणून ताई आल्या की ती उजव्या पायाने लंगडायची आणि वन्सं आल्या की डाव्या. कुणी आलं नसेल तेव्हा दोन्ही पाय आलटून पालटून दुखायचे, पण तेवढ्यापुरता तिला विसावा असायचा.

याच सुमारास सरकारी दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईंचा शिरकाव झाला. या बाईंविषयी मला काही वाईट लिहायचं नाही, पण त्यांची पद्धत लोकांच्या पसंतीस उतरणारी नव्हती. त्यांनी बाटली दिली नाही, पुडी दिली नाही, बांधायला काही दिलं नाही. खुर्चीत बसा, एक पाय सरळ करा, मांडी ताठ करून धरून ठेवा, सावकाश खाली घ्या. मग दुसरा पाय. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठा आणि बसा. रोज थोडं चाला. सोसेल तेवढंच करा, पण चुकवू नका. तेलाने चोळल्यावर, शेकल्यावर बरं वाटत असेल तर तेही करा, त्यात गैर काही नाही, सुयांनीही कुणाकुणाला आराम पडतो, असं त्या म्हणाल्या. म्हणजे त्यांना धड कुणाशी भांडताही येत नव्हतं. वर म्हणाल्या, फरक पडायला वेळ लागेल. औषध देणाऱ्याने असं बोलायचं असतं का?

पण बायकोने मनावर घेतलं. बेडरूमचं दार लावून ती खुर्चीत बसायची आणि मी बाहेर पहारा द्यायचो. कुणी विचारलं तर ‘आत कपडे बदलतेय’ असं सांगायचो. (त्या महिन्यांत आमच्या घराण्याइतके कपडे राजघराण्यांतही बदलले गेले नसतील.) हळूहळू तिचे पाय सुधारले. दोन्ही! तिने ते मला कुजबुजत सांगितलं, तोंडावर हात ठेवून, एखादीला नको त्या वयात दिवस गेले असावेत तसं. कारण उघड होतं. एक गुडघा बरा झाला तर एक घर रुसणार, दोन्ही झाले तर दोन्ही घरं आपलाच गुण म्हणून भांडणार, आणि कुणामुळेच नाही असं कळलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. तेव्हा सुधारलेल्या पायांनी लंगडणं चालू ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ती आता अधिक चांगलं लंगडायची, कारण पायात ताकद आली होती.

मग एका दुपारी नको ते झालं. ताई आणि वन्सं एकाच वेळी आल्या. माझी बायको उठायला गेली आणि अर्ध्यावर थबकली. कुठल्या पायाने लंगडायचं? तिने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. ती पुन्हा सोफ्यावर बसली, आणि दोघी जाईपर्यंत जागची हलली नाही. दाराशी निरोप द्यायलाही आली नाही.

त्यावरून दोन्ही घरांचं पहिल्यांदाच एकमत झालं. बिचारीला उठवतसुद्धा नाही! ही गोष्ट माझ्या मुलाच्या कानावर गेली. मुलगा गुणी आहे. त्याला आईची काळजी वाटते, आणि काळजी वाटली की तो निर्णय घेतो. त्याने ठरवलं की आईने दुकान सोडून आता आराम करावा. खोलीसाठी मोबाइल दुरुस्त करणारा एक माणूस तयारच होता. मशीन विकायचं नाही, आपल्या हॉलमध्ये शोभेला ठेवायचं, वर फुलदाणी ठेवायची, असंही त्याने मोठ्या मनाने सांगितलं. ताईंनी मान डोलावली, वन्संनी डोळे पुसले. त्या रविवारी बायको हातातल्या कापडाची शिवण उसवत बसली होती. चांगली शिवण होती. मला फार वाईट वाटलं, आणि तह आपण लिहिला याचंही वाटलं.

मशीन खाली आणायच्या दिवशी सगळे लोखंडी जिन्याशी जमले. मुलगा, दोन हमाल, ताई नवा पट्टा घेऊन, वन्सं तेल घेऊन. बायकोला खाली खुर्ची मांडली होती. हमालांनी वर जायला पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तशी ती खुर्चीवरून उठली. हात न टेकता उठली. हमालांना बाजूला सारलं आणि जिना चढू लागली. सरळ, एकामागून एक पाय टाकत, कठड्याला हातही न लावता. ताईंची नजर डाव्या पायावर, वन्संची उजव्यावर, आणि दोघींनाही आपापल्या पायात खोट सापडेना. दुसरीच्या पायातही सापडेना, ही खरी अडचण.

वर जाऊन ती दारात वळली.

“दोन्ही गुडघे बरे आहेत,” ती म्हणाली. “व्यायामाने झाले. तुम्हा दोघींना वाईट वाटणार म्हणून मी लंगडत होते. आता वाटलं तर वाटू दे. मला काम आहे.”

आणि आत जाऊन तिने मशीन सुरू केलं. तो आवाज खाली आला तेव्हा मला फार बरं वाटलं, हे मी कुठल्याही शासकीय भाषेत न गुंडाळता सांगतो. मुलाने हमालांना परत पाठवलं आणि मोबाइलवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

आता आपल्याला वाटेल की विषय मिटला. पण ‘व्यायाम’ या शब्दाने दोन्ही घरांत अशी शांतता पसरली, की जणू ती चारचौघांत काही अभद्र बोलली होती. तिथल्या तिथे खल होऊन निष्कर्ष निघाला: ताईंच्या मते पट्ट्याचा प्रभाव डावीकडून उजवीकडे गेला, वन्संच्या मते तेल उजवीकडून डावीकडे. व्यायामाने फक्त ते पसरायला मदत झाली. दोघी पुन्हा एकमेकींशी बोलू लागल्या, कारण भांडायला एकमेकींची गरज होती.

पुढे बातमी गावभर झाली. जिन्यावर बायकांची रीघ लागली. कपडे शिवायला नाही, गुडघ्यासाठी. माझी बायको काम थांबवून प्रत्येकीला खुर्चीत बसवायची, पाय कसा सरळ करायचा ते दाखवायची. बायका नम्रपणे बघायच्या आणि शेवटी आवाज खाली आणून विचारायच्या, “ते ठीकच, पण लावलंत काय?” काही नाही म्हटलं की त्यांना वाटायचं, सांगायचं नाहीये. एकदोघींनी तर अबोला धरला. गणवेश वेळेवर होईनात.

तेव्हा तिने उपाय काढला. घरातलं साधं तेल एका हिरव्या बाटलीत भरून ठेवलं. मागेल तिला थोडं द्यायची, पण पथ्य कडक: तेल लावल्यावर खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, मांडी ताठ धरून सावकाश खाली घ्यायचा, मग दुसरा. मग हात न टेकता उठबस. मग चालून यायचं. एक दिवस चुकला तरी तेल बाधतं. बायकांनी पथ्य जिवापाड पाळलं. कुठल्याही दवाखान्याला हेवा वाटावा असे निकाल आहेत. बऱ्याच जणी जिना बोलत बोलत चढतात. तेलाचं नाव झालं आहे. ताई येऊन एक बाटली घेऊन गेल्या, वन्सं दोन. व्यायामवाल्या बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ हसल्या आणि जाताना आपल्या आईसाठी थोडं तेल मागून घेतलं. म्हणाल्या, माझं ती ऐकत नाही.

आणि आपण, सुज्ञ वाचक. ताईंच्या कोबीला हसलात, वन्संच्या घड्याळजीला हसलात, जिन्यावरच्या बायकांना तर भोळ्याच म्हणालात. पाय सरळ कसा करायचा ते मी या मजकुरात दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा आपण ते भराभर वाचून पुढे सरकलात, बसल्या जागी करून काही पाहिलं नाहीत. आता मात्र आपण अडून बसला आहात आणि आपल्याला माझ्याकडून एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे: साधं म्हणजे नक्की कुठलं तेल?