इंजिन दीड वीत मागं

पहिल्यांदा आमच्या घरी चहाला आले तेव्हा मन्मथअप्पांनी मला माझ्याच पलंगावरून हलवलं. "सर, तुमी काठावर बसलाव. सगळा भार एका पायावर यायलाय. मधी सरका." मी मधे सरकलो. मग त्यांनी वाकून पलंगाचे चारही पाय चाचपले, समाधानानं मान हलवली आणि मगच बशीत चहा ओतला.

वालूरला आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर आणि घराला लागून वेल्डिंगचं दुकान. जगाकडं बघताना या माणसाला एकच प्रश्न पडतो : वजन कुठं हाय? सरपणाची मोळी घेऊन चाललेल्या बाईला थांबवून ते तिची मोळी चार बोटं मागं सरकवून देतात. वऱ्हाडाच्या टेम्पोत मंडळी बसली की नवरदेवाच्या मामाला उठवून दुसऱ्या बाजूला बसवतात. मामा रागावतो, पण टेम्पो सरळ जातो. मी शाळेत जन्मभर गुरुत्वमध्य शिकवला, तो फळ्यावर त्रिकोण काढून. अप्पा नववी नापास, आणि त्यांना तो हातानं सापडतो. हे सांगताना मला मुळीच कमीपणा वाटत नाही. असा माणूस भिंतीपलीकडं राहतो याचा मला अभिमान आहे, आणि पाहुण्यांनी विचारायच्या आत मी तो सांगून टाकतो.

त्यांची एक जुनी जीप आहे, चारही चाकांना ओढ असलेली. मूळचं इंजिन गेलं तेव्हा अप्पांनी तिच्यात एका टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं. ते ताकदीचं होतं तसंच जडही होतं, आणि सगळा जडपणा नाकावर. उन्हाळ्यात जीप कुठंही जायची. पावसाळ्यात मात्र आमच्या शिवारातली पांदण, म्हणजे शेतांकडं जाणारी कच्ची वाट, अशी फुगते की चपला घालून गेलेला माणूस अनवाणी परत येतो. अप्पांचं शेत नेमकं त्या पांदणीच्या शेवटी. मागच्या श्रावणात ते मला सोबत बसवून जीप घेऊन निघाले आणि निम्म्या वाटेत ती नाक खुपसून बसली. मागची चाकं नुसतीच गरगर फिरत राहिली.

वाटेवर दत्तरावांचं शेत आहे. ते बैल घेऊन आले, जीप ओढून काढली आणि म्हणाले, "अप्पा, जिपीला येसण घाला एक. आमच्या दावणीला बांधत जाऊ."

लोक हसले. अप्पांचं तिकडं लक्षच नव्हतं. ते चिखलात उकिडवे बसून चाकांचे खड्डे वितीनं मोजत होते. "बघा सर, पुढचं चाक गुडघाभर आत गेलंय आन् मागचं चार बोटं. मागच्या चाकावर वजनच न्हाई, तर ते पकडंल काय?"

त्याच संध्याकाळी बसस्टँडसमोरच्या हॉटेलात त्यांनी चारचौघांत शब्द देऊन टाकला. पुढच्या श्रावणात हीच जीप बैलाशिवाय शेतात जाणार आणि बैलाशिवाय परत येणार. नाही जमलं तर भंगारात. दत्तराव म्हणाले, "बघू." अप्पांचा त्या जीपवर किती जीव आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळं ती चेष्टा नव्हती हेही कळलं.

दिवाळी झाली आणि दारातल्या लिंबाच्या फांदीला चेन-कप्पी लागली. मला वाटलं होतं, चार नट सोडायचे, इंजिन मागं ढकलायचं, पुन्हा चार नट आवळायचे. तसं नसतं. इंजिन मागं घ्यायचं तर इंजिन आणि बैठक यांच्यामधला पत्रा कापावा लागतो. त्याच्या मागोमाग गिअरबॉक्स सरकतो, गिअरचा दांडा ड्रायव्हरच्या कोपरापाशी येतो, मग बैठका मागं न्याव्या लागतात. मागच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट कापून आखूड करायचा आणि पुढचा जोडून लांब करायचा. रेडिएटरचे पाइप तर वेगळेच. "एकाला मागं सारलं की पाच जणांला सरकावं लागतंय," अप्पा म्हणाले. "घरातल्यावाणीच हाय सर."

"किती मागं घेणार?"

"दीड वीत."

"कुणाची वीत?"

त्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं आणि स्वतःचा पंजा पसरून दाखवला.

त्यांच्या पत्नी सुशीलावहिनी ओसरीवरच्या बाजेवरून या सगळ्यावर देखरेख करायच्या. तीन वर्षांपूर्वी त्या अंगणात पडल्या आणि ऑपरेशन करून खुब्यात सळई बसवावी लागली. तेव्हापासून डावा पाय वाकत नाही, काठीनं घरातल्या घरात फिरतात. तोंडाला मात्र काही झालेलं नाही. "दिवाळीपासून इंजन मागं मागंच यायलंय," त्या मला म्हणायच्या. "माझ्या चुलीपाशी कदी पोचायचं?"

"तुझ्या चुलीपाशी वजन बराबर हाय," अप्पा जीपखालून उत्तर द्यायचे. "तिथं गरज न्हाई."

दर पंधरवड्याला जीप जिनिंगच्या वजनकाट्यावर जायची. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. काटेवाला वैतागायचा. "अप्पा, एकदाच आख्खी गाडी चढवा की."

"आख्खी किती हाय ते मला मालूम हाय," अप्पा म्हणायचे. "ती उभी कशी हाय ते बघायलोय."

हे वाक्य मला नोकरीत असताना मिळालं असतं तर माझे दोन तास वाचले असते.

एक गोष्ट मात्र मला पटली नव्हती. इंजिन मागं आल्यामुळं डाव्या बैठकीपुढची पाय ठेवायची जागा संपली होती. त्यात सायलेन्सरचा तापणारा पाइपही त्याच बाजूनं जात होता. अप्पांनी तीन आठवडे घालवून तो पाइप उजवीकडं, म्हणजे स्वतःच्या पायाशी घेतला. डाव्या बाजूला बैठक आणखी मागं सारली, तिच्यापुढं पत्रा ठोकून लांब, सपाट फळीसारखी जागा केली. मी म्हणालो, "अप्पा, तुम्हाला चटके बसतील. आणि तिथं बसणार कोण?"

"बसू द्या चटके," एवढंच म्हणाले. विक्षिप्त माणूस म्हणून मी ते सोडून दिलं.

आषाढात तालीम ठरली आणि तिथं घोळ झाला. वर्षभर अप्पांच्या तोंडी "वजन मागं, वजन मागं" ऐकून गल्लीला ते पाठ झालं होतं. मदत म्हणून आठ जण जीपच्या मागच्या भागात चढले. नववा मी. अप्पाही उत्साहाच्या भरात आम्हाला मोजायचं विसरले. जीप चिखलातून झकास निघाली, पण पुढची चाकं इतकी हलकी झाली की अप्पांनी स्टिअरिंग डावीकडं फिरवलं तरी ती सरळच चालली. सरळ म्हणजे दत्तरावांच्या कापसात. दत्तराव बैल घेऊन आले. या वेळी त्यांनी आधी आडवी झालेली कपाशी बघितली आणि मग जीपला दोर बांधला.

दुसऱ्या दिवशी अप्पा जाऊन आडवी झालेली कपाशी एकेक करून उभी करत होते, बुडाला माती लावत होते. मला म्हणाले, "मी बी येडाच सर. मागं घ्या, मागं घ्या म्हणून वरडत बसलो. मागं बी हद असती. पुढं थोडं तरी वजन पायजे, न्हाई तर गाडी वळतच न्हाई."

शेवटी श्रावणातला सोमवार उजाडला. आठवडाभर झड लागून उघडली होती, म्हणजे पांदण अगदी वाईट अवस्थेत होती. अप्पांनी मुद्दाम तोच दिवस धरला. पूजा करून, कपाळाला विभूती लावून बाहेर आले. गल्लीतल्या प्रत्येकाला पुढं बसायचं होतं. "कुणीच न्हाई," अप्पा म्हणाले. "सर, तुमी तेवढे मागं बसा."

मग ते घरात गेले आणि सुशीलावहिनींना दोन्ही हातांवर उचलून बाहेर घेऊन आले. वहिनी पदर तोंडावर ओढून पुटपुटत होत्या, "आवो, लोक बघायलेत."

"बघू दे," अप्पा म्हणाले. त्यांनी वहिनींना डाव्या बैठकीवर ठेवलं. न वाकणारा पाय सरळ पुढं केला, त्याखाली गोधडीची घडी सारली. पाय त्या सपाट जागेत बरोबर मावला. मी मागं बसून स्वतःलाच शिव्या घातल्या. तीन आठवडे ही जागा डोळ्यांपुढं होत होती आणि मला काही कळलं नव्हतं.

पांदणीतला तो खड्डा आला तेव्हा जीप पुढून खचली. मागच्या चाकांनी चिखल धरला, जीप एकदा हिसडली आणि नाक वर काढून निघाली. मी हयातीत कुठल्या यंत्राला टाळ्या वाजवल्या नव्हत्या, त्या दिवशी वाजवल्या. दत्तराव बांधावर बैल जुंपून तयार उभे होते. आम्ही पुढं गेलो तसं त्यांनी बैलांच्या मानेवरचं जू उतरवलं.

शेतात सोयाबीन फुलावर होतं. वहिनी बसल्या जागेवरून पिकाची एकेक ओळ, एकेक तास न्याहाळत होत्या. अप्पा उतरून माझ्याजवळ आले आणि उगाच टायर दाबत राहिले. "शेत हिनंच केलं सर," ते हळू म्हणाले. "मी आपला दुकानात. आता वाट्यानं करणारा बटईवाला सांगतो पीक बरं हाय, मी घरी येऊन सांगतो बरं हाय. ती इचारती, फूल किती धरलंय, पान कसं हाय? मला काय कळतंय त्यातलं? ट्रॅक्टरवर तिला चढता येत न्हाई, बैलगाडीचे दणके सोसत न्हाईत. उन्हाळ्यात आणतो, तवा नुसती ढेकळं. तीन वर्षं झाले, तिनं उभं पीक पाह्यलं न्हाई."

तेवढ्यात जीपमधून आवाज आला. "आवो, त्या तिसऱ्या तासात तण माजलंय. दिसंना का कुणाला?"

साऱ्या गावाचं वजन इकडचं तिकडं करणारा हा माणूस मुकाट्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडून वावरात उतरला. "हितं?"

"अलीकडं. तुमच्या उजव्या हाताला."

अप्पांनी तण उपटलं आणि वहिनींना दिसेल असं हात वर करून धरलं. वहिनींनी मान डोलवली आणि दुसरीकडं बोट केलं. अप्पा तिकडं गेले.

शब्द अजून निम्माच पुरा झाला होता, परत जायचं होतं, पश्चिमेला आभाळ भरून यायला लागलं होतं. मी दोनदा आठवण करून दिली. अप्पा चिखलात उभे राहून जीपकडं बघत होते आणि म्हणत होते, "आणखी दाखव की."