तिसऱ्या शिट्टीच्या आत

“अगं, तिसरी झाली! ऐकू येतं का न्हाई?”

समोरच्या गॅलरीतून काका ओरडत होते. खाली गल्लीच्या तोंडाशी शोभाकाकू जागच्या जागी वळल्या आणि घराकडे सुसाट सुटल्या. ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, पायात मुलीचे शाळेतले पांढरे बूट. जिन्यात बूट वाजले, गॅसचं बटण फिरलं आणि कुकर गप्प झाला.

काका उभे होते तिथून त्यांच्या ओट्यापर्यंत सहा पावलं आहेत. आमची गॅलरी बरोबर समोर आहे, म्हणून मी मोजली आहेत.

शोभाकाकू एकवीस किलोमीटरच्या शर्यतीची तयारी करतात. शर्यत संभाजीनगरला असते आणि तयारी नवीन जालन्यातल्या आमच्या गल्लीत, कुकर गॅसवर असताना. सकाळी मुलीचा, पूजाचा, क्लास, तिचा डबा, सासूबाईंचं गरम पाणी, काकांचा चहा, मग काकांचा दुसरा चहा. यात कुकर शिजतो तेवढाच वेळ काकूंना कशाला हात लावावा लागत नाही. तेवढ्यात त्या पळतात. तुरीच्या डाळीला तीन शिट्ट्या, म्हणजे पिठाच्या गिरणीपर्यंत दोनदा जाऊन येणं. हरभऱ्याला पाच, म्हणजे चारदा. गिरणीच्या पुढे शिट्टी ऐकू येत नाही, म्हणून गिरणीच्या पुढे काकू कधी पळालेल्या नाहीत.

“टाइम बराबर बसवते मी,” त्या म्हणतात. त्या सगळंच बसवतात. लाइट जायच्या आत मिक्सर बसवतात, सासूबाईंच्या झोपेत बाजार बसवतात. गल्लीत नऊ कुकर आहेत, पण आपली शिट्टी त्यांना अचूक कळते. गिरणी चालू असेल तर मात्र अडचण होते. मग त्या वर माझ्याकडे बघून विचारतात, “किती झाल्या गं?” मी घरूनच काम करते आणि दिवसभर गॅलरीशी लॅपटॉप घेऊन बसलेली असते. मी बोटं दाखवते. एक, दोन. बोलत नाही. माझं मराठी तोंडातून छापल्यासारखं बाहेर येतं. एकदा मी त्यांना “आपण खूप परिश्रम घेता” असं म्हणाले होते, तेव्हा त्या गिरणीपाशी पोट धरून हसल्या होत्या. “पेपर वाचून राह्यली का माय?” तेव्हापासून बोटंच बरी.

शर्यत जवळ आली तशी त्यांच्या घरची डाळ बंद झाली. सोमवारी छोले, मंगळवारी राजमा, बुधवारी पुन्हा छोले. “मम्मी, ही शर्यत तुझी आहे, आमचं पोट का पळून राह्यलं?” असं पूजा एक दिवस ओरडली, ते आमच्या स्वयंपाकघरात ऐकू आलं.

काकांना गॅस बंद करता येत नाही असं नाही. एकदा केला होता, सातव्या शिट्टीला. भांड्याच्या बुडाशी जे उरलं ते दोन दिवस भिजत होतं. “मला काय म्हाईत कोणती शिट्टी शेवटची?” असं ते म्हणाले, आणि तेव्हापासून त्यांच्याकडे फक्त ओरडण्याचं काम आहे. ते त्यांनी कधी चुकवलेलं नाही.

एका संध्याकाळी काकू वाटीभर छोले घेऊन आमच्याकडे आल्या. आई घरी नव्हती. काकू दारातच बुटांकडे बघत उभ्या राहिल्या.

“मागच्या साली पण नाव दिल्तं. सासूबाई मोरीत घसरून पडल्या, मंग कुठलं जाणं? या साली जायचंय. पण त्याच्या आधी एकदा घाणेवाडीच्या तलावापर्यंत पळून वापस यायचंय. तेवढं जमलं तरच जाईन. न्हाई तर तिकडं मधीच बसले, तर हे जन्मभर म्हणतील, सांगितलं व्हतं म्हणून.”

मी मान हलवली.

“एका दिवसात मला किती हाका येतात, एकदा मोजल्या मी,” त्या म्हणाल्या. “दुपारपर्यंत मोजल्या. मंग सोडून दिलं.” आवाज खाली घेऊन त्या म्हणाल्या, “तलावापाशी शिट्टी ऐकू येत न्हाई, माय.”

मला काहीतरी म्हणायचं होतं. मनात वाक्य जुळवत राहिले, आणि जुळलं तेव्हा त्या जिना उतरून गेल्या होत्या. छोले गार झाले होते.

शर्यतीआधी तीन रविवार उरले होते. पहिल्या रविवारी नळाला पाणी आलं. आमच्याकडे किती दिवसांनी पाणी येईल ते कोणी सांगू शकत नाही. पण आलं की घरातली बाई हलू शकत नाही. काकू बूट घालून हंडे भरत होत्या. दुसऱ्या रविवारी पूजाची टेस्ट होती आणि सासूबाईंना ताप. बूट दिवसभर दाराशी होते.

आज तिसरा. पहाटेच वाटूरहून काकूंच्या नणंदेचा फोन आला. जेवायला येतोय, चौघं. काका गॅलरीतून मोठ्यानं बोलत होते, “या ना! पुरण करून राह्यली ती.”

काकूंनी पुरणाची डाळ कुकरला लावली आणि खाली आल्या. रोजच्यासारखी ओढणी बांधली, रोजच्यासारख्या सुटल्या. गिरणी रविवारची बंद होती, त्यामुळे त्यांच्या बुटांचा आवाज सबंध गल्लीत येत होता. एक शिट्टी झाली. मग दुसरी. गिरणीपाशी पोचून त्या वळल्या नाहीत. तिथेच उभ्या राहिल्या, पाठ आमच्याकडे, तोंड तलावाच्या रस्त्याकडे. तिसरी शिट्टी झाली.

“अगं, तिसरी झाली!” काका. “दोनच राहिल्या!”

काकू वळल्या आणि चालत परत निघाल्या. इतक्या महिन्यांत मी त्यांना या गल्लीत चालताना पाहिलं नव्हतं. आमच्या गॅलरीखाली येऊन त्यांनी ओढणी सोडली, तिच्या टोकानं तोंड पुसलं. वर बघून म्हणाल्या, “न्हाई बसत गं. सगळं बसवलं, हेच न्हाई बसत. नाव काढून टाकते.”

चौथी शिट्टी झाली. काकांनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी सबंध गल्लीला ऐकू गेला तो माझा आवाज.

“काकू, वापस नका येऊ! तलावाला जा तुम्ही. गॅस मी बंद करून राह्यले.”