थोरल्यांना झापायचा हक्क

आमच्या गेणूआबांचा दिवस देशाच्या पहिल्या पंतप्रधानांना झापल्याशिवाय सुरू व्हायचा नाही. पंतप्रधानांचं नाव मी मुद्दामच घेत नाही. घेतलं की निम्मे वाचक पान उलटतील आणि उरलेले निम्मे मला इतिहास शिकवायला बसतील. आबाही नाव घेत नाहीत. ते त्यांना 'थोरले' म्हणतात, घरातल्या मोठ्या भावाला म्हणावं तसं.

रोज सकाळी ग्रामपंचायतीच्या जुन्या कचेरीचं कुलूप निघालं की आबा पायरीशी वहाणा काढायचे, आत जाऊन भिंतीवरच्या थोरल्यांच्या फोटोला हात जोडायचे, टोपी सारखी करायचे आणि सुरू व्हायचे. "काय थोरले, भाताला भाव न्हाई, दवाखान्यात डाक्टर न्हाई, आन् तुमी आपलं वरनं बघून हसताय. एवढी पुस्तकं लिवलीसा, एक तरी पान आमच्याकडं बघून लिवायचं." असं पाच-दहा मिनिटं झालं की पुन्हा नमस्कार करून बाहेर. मग चहा. कचेरीतल्या शिपायाला याची इतकी सवय झाली होती की आबा एखाद्या दिवशी आले नाहीत तर तो त्यांच्या घरी तब्येतीची चौकशी करायला जायचा.

मी आबांचा शेजारी. पुण्यातल्या विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालो आणि तिकोणा गडाखालच्या पेठेच्या अलीकडे, पवनेच्या पाण्याकाठी एक बंगली बांधली. जाहिरातीत 'लेक व्ह्यू' म्हटलं होतं. ते खोटं नाही. पावसाळाभर धुकं दिसतं, उन्हाळ्यात पाणी मागं सरून चिखल दिसतो, आणि मधल्या दिवसांत माझ्या पुढच्या प्लॉटवाल्याचा दुमजली बंगला दिसतो. त्याच्या कडेने मान वाकडी केली तर पाणीसुद्धा दिसतं.

पहिल्याच सकाळी असा मान वाकडी करून मी चहा पीत होतो. कुंपणापलीकडे एक काटकुळे गृहस्थ उभे होते. ओळख व्हावी म्हणून म्हटलं, "काय सुंदर देखावा आहे हो तुमच्याकडे."

"व्हय," गृहस्थ म्हणाले. "तुमी ज्येच्याकडं बघून च्या पिताय ना, तितं आमचा गोठा व्हता."

तेच गेणूआबा. त्यांचं सगळं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, तेव्हा त्यांना नुकतं मिसरूड फुटत होतं. आता पंच्याहत्तरी ओलांडली. गाव उठलं, माणसं पांगली, काही घरं इथं वरच्या अंगाला येऊन वसली. पुनर्वसन हा अवघड शब्द आबा न अडखळता उच्चारतात. त्यापलीकडे त्या शब्दाचा त्यांना फारसा उपयोग झाला नाही. आणि या सगळ्याचा जाब ते थोरल्यांना विचारतात.

मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, "आबा, हे धरण काही त्यांनी नाही बांधलं. राज्य सरकारनं बांधलं. पाणी अडलं तेव्हा ते हयातही नव्हते."

"बाप गेल्यावर पोरांनी कारभार बिघडवला तर लोक कुनाचं नाव घेत्यात?" आबांनी विचारलं. विम्यात इतकी वर्षं काढलेला मी चहा टाकायला आत गेलो.

थोरल्यांबद्दल आबांचा निकाल कायमचा लागलेला आहे. "मानूस लय मोठा. पर चुकला." ही त्यांची आवडती मोजपट्टी. डोळ्यांचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला, गडाच्या पायथ्याशी भजी तळणाऱ्याला, कीर्तनकाराला, सगळ्यांना ती लागू पडते. फक्त जावयाच्या बाबतीत ते पहिलं वाक्य गाळतात.

पण गंमत पुढेच आहे. थोरल्यांना झापायचा हक्क आबांनी स्वतःकडेच ठेवलेला. दुसऱ्या कुणी तोंड उघडलं की संपलं. आबांची सून सुनंदा पाण्याकाठी तंबू लावते. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं निसर्गाच्या सान्निध्यात येतात आणि सोबत स्पीकर आणतात. अशाच एका पाहुण्याने सकाळी पोहे खाता खाता देशाचं निदान केलं. मोबाईलवर आलेलं काहीतरी वाचून तो म्हणाला, "सगळं वाटोळं या एका माणसाने केलं."

आबा चुलीजवळ बसले होते. तिथूनच म्हणाले, "तुमचं काय बुडालं?"

"म्हणजे?"

"घर बुडालं का वावर बुडालं? का देऊळ? काय बुडालं ते सांगा."

"तसं नाही आजोबा, देशाचं—"

"देशाचं मागनं बघू. तुमचं सांगा."

पाहुण्याने आठवून पाहिलं. त्याचं काहीच बुडालेलं निघेना. उलट पवनेचं पाणी नळाने त्याच्याच फ्लॅटमध्ये येत होतं. "मग गप पोहे खावा," आबा म्हणाले. "बुडाल्यालं न्हाई त्येनं शिव्या देऊ न्हाई." पाहुण्याने घरी जाऊन इंटरनेटवर एकच तारा दिला आणि लिहिलं, जेवण छान, म्हातारा त्रासदायक. सुनंदा रडकुंडीला आली. तिने ते आबांना वाचून दाखवलं. आबा म्हणाले, "जेवान छान म्हनला ना? मग झालं."

बरं, थोरल्यांची नुसती स्तुती केलेलीही त्यांना खपत नाही. लोणावळ्याहून एक निवृत्त प्राध्यापक जयंतीला आमच्या शाळेत व्याख्यान द्यायला आले होते. येताना मुलांसाठी चिक्की आणली होती, त्यामुळे गर्दी बरी जमली. प्राध्यापकांनी तासभर थोरल्यांना असं काही उजळवलं की ऐकणाऱ्याला लाजून गोगलगायीसारखं शंखात शिरावंसं वाटावं. शेवटी आबा उठले. "गुरुजी, समदं बराबर. चुकलं कुटं ते ऱ्हायलं."

प्राध्यापक हसून म्हणाले, "अशी माणसं चुकत नसतात."

"मग ते देव झाले. देवाफुडं आमी नारळ फोडतो, त्येला इचारत काय न्हाई. मानूस असंल तर इचारायला बरं पडतं." एवढं बोलून आबा खाली बसले. चिक्की मात्र त्यांनी घेतली.

तर असं हे आबांचं आणि थोरल्यांचं बरं चाललेलं असताना गावात विकास आला. ग्रामपंचायतीची नवी इमारत झाली. चकचकीत फरशी, फिरत्या खुर्च्या, आणि सभागृहात सरपंचांच्या हसऱ्या चेहऱ्याचा मोठा फलक, म्हणजे ते स्वतः हजर नसले तरी लोकांची गैरसोय होऊ नये. सरपंच महेश हा आबांचा चुलत पुतण्या. प्लॉटिंगचा धंदा करतो, पांढरी गाडी आहे, बोलायला गोड. त्याने नव्या सभागृहासाठी थोरामोठ्यांच्या तसबिरी एकदम घडवून आणल्या. सगळ्या एका मापाच्या, सोनेरी चौकटीच्या. जुन्या कचेरीतला थोरल्यांचा फोटो काळ्या चौकटीचा, काचेला तडा गेलेला, खालच्या कोपऱ्यात ओल चढलेली. तो काही त्या रांगेत शोभेना. मोडक्या खुर्च्यांबरोबर तो भंगारात जाणार असं शिपायाने आबांच्या कानावर घातलं.

त्या दिवसापासून आबांनी गाव पालथं घातलं. मागणी एकच. फोटो नव्या कचेरीत लागला पाहिजे, तोच, जुना. महेशने सांगून पाहिलं की थोरल्यांचा नवा फोटो सोनेरी चौकटीत आणू. आबा म्हणाले, "नवा तुमच्या घरी लावा." त्यांचं जेवण कमी झालं. सुनंदा मला म्हणाली, "काका, फोटोपायी असं कुणी करतं का हो? सासूबाई गेल्या तेव्हा पण दुसऱ्या दिवशी भाकरी खाल्ली होती त्यांनी."

ग्रामसभेला आबा धुतलेलं धोतर नेसून आले. बाजू मांडायची तर निदान सुरुवात स्तुतीने करावी की नाही. आबांनी फिर्यादीपासून सुरुवात केली.

"थोरले हट्टी व्हते. कुनाचं आयकायचे न्हाईत. शेजाऱ्यावर इस्वास टाकला आन् डोंगरात मार खाल्ला. धरनं बांधायची हौस लय, पर ज्येची घरं बुडायची त्येला आधी इचारावं, ती रीत काय घालून दिली न्हाई."

टाळ्या पडल्या. मागून एक तरुण ओरडला, "मग तर फोटो नकोच."

"खाली बस," आबा म्हणाले. "त्या टायमाला लोक त्येंच्या पाया पडत व्हते. राजा होतो म्हनले असते तर कोन आडवा येनार व्हता? न्हाई झाले. आपल्यासारख्या अंगठेबहाद्दरांच्या फुडं मत मागायला हुबे ऱ्हायले. तुझ्या आज्जीला पयल्यांदा कुनीतरी इचारलं का बाई, तुला काय वाटतं. आज तू हितं हुबा ऱ्हाऊन नको म्हनतोस, ती सवय कुनी लावली?"

दोन-चार म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. हे महेशला परवडणारं नव्हतं. तो उठून अगदी नम्रपणे म्हणाला, "आबा, तुमचं सगळं मान्य. पण तुम्ही तर त्यांना रोज शिव्याच घालता. मग फोटो पाहिजे कशाला?"

"शिव्या घालायलाच," आबा म्हणाले. "ज्येला जाब इचारता येत न्हाई त्येचा फोटो लावून काय करू?" आणि त्यांनी सरपंचांच्या हसऱ्या फलकाकडे पाहिलं.

मोठा हशा झाला. हशा झाला की आपल्याकडे मुद्दा संपतो. महेशही हसला आणि त्याने जाहीर केलं की आबांची तळमळ पाहून ग्रामपंचायत हा फोटो सन्मानाने आबांच्याच स्वाधीन करत आहे. शाल आली, नारळ आला. एखाद्याची मागणी फेटाळायची असली की आपण त्याचा सत्कार करतो. आबा शाल पांघरून, एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात थोरले घेऊन उभे राहिले, आणि त्यांचं काम झालं असं समजून लोक चहाकडे वळले.

मी त्यांना गाडीतून घरी न्यायला निघालो. आबांनी अंगावरची शाल काढून फोटोला गुंडाळली आणि फोटो पुढच्या सीटवर ठेवला. "त्येस्नी फुडं बसू द्या, म्हातारं मानूस," म्हणाले आणि स्वतः मागे बसले. रस्ता पाण्याच्या कडेने जातो. वैशाख होता, पाणी खूप आत गेलं होतं. उघड्या पडलेल्या जमिनीवर घरांची जोती दिसत होती आणि जुन्या देवळाच्या दगडांवर एक होणारी नवरी फुलांचा मुकुट घालून लग्नाआधीचे फोटो काढून घेत होती. आबा म्हणाले, "जरा थांबवा."

मी गाडी कडेला घेतली. विचारलं, "आबा, हा फोटो मुळात आला कुठून?"

"शाळेतला हाये. गाव उठलं तवा लोकांनी देव नेले, दारं नेली, जाती नेली. पानी वाड्याच्या खालपतूर आलं व्हतं. शाळेतला फोटो कोन नेईना, म्हनले सरकारी हाये, सरकार नेईल. आमचा बा गुडघाभर पान्यातनं माघारी गेला आन् डोक्यावर घिऊन आला. आय लय बोलली त्येला. म्हनली, ज्येनं आपल्याला बुडिवलं त्येला कशाला आनलंसा? बा म्हनला, त्येनं बुडिवलं म्हनून आपुनबी त्येला बुडवायचं व्हय?"

त्यांनी गाडीची काच खाली घेतली.

"सुनंदा लावेल की घरी," मी म्हटलं. "चांगली जागा देईल."

"घरी कोन येतंय? कचेरीत धा जन येत्यात. कुनीतरी इचारतंच, एवढा जुना फोटो कुटला म्हनून. मग मी गावाचं नाव सांगतो." त्यांनी पुढे वाकून फोटोवरची शाल सारखी केली. "गेल्या साली सखूवैनी गेली. ती व्हती तवर दोगं बोलायचो, कुनाचं परस कुटं, कुनाची हीर कुटं. आता कुनाला सांगू?"

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "मला सांगा. कुठं काय होतं?"

आबा गाडीतून उतरले. पुढचं दार उघडून त्यांनी फोटोवरची शाल बाजूला केली, चौकट काढून हातात धरली, आणि आम्ही उतारावर उभे राहिलो. त्यांनी गावाचं नाव सांगितलं. मग बोट करून एकेक दाखवू लागले. ती चावडी. तो सुताराचा वाडा. तितं उंबर, उंबराखाली शाळा. चिखल आणि दगड यांच्यापलीकडे मला काही दिसत नव्हतं, पण मी होय होय म्हणत होतो.

एका जोत्याशी येऊन ते अडले. कुणाचं घर ते आठवेना. बराच वेळ बोट तसंच धरून उभे राहिले. मग हातातली चौकट थोडी वर उचलली, पाण्याच्या बाजूला वळवली आणि मला म्हणाले, "ह्येस्नी ठावं असंल. गाव बघितल्यालं आता आमी दोगंच."