लास्लो यांचा दिवस

आमचे शेजारी लास्लो समोरच्याला नाव विचारायचे आणि लगेच त्याची तारीख सांगायचे. कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध घेताना त्यांनी विचारलं, तेव्हा काउंटरवरची नवी मुलगी म्हणाली, "केट."

"म्हणजे आमच्या भाषेत कॉतॉलिन. पंचवीस नोव्हेंबर. त्या दिवशी घरी केक ठेव. लोक येतील."

"स्वीट ॲज," म्हणजे 'मस्तच', असं म्हणून ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

हंगेरीच्या कॅलेंडरात प्रत्येक दिवस कुणाच्या तरी नावाचा असतो. त्या नावाच्या माणसाकडे त्या दिवशी लोक फुलं घेऊन जातात. छप्पन सालच्या उठावानंतर लास्लो पोरवयात न्यूझीलंडला आले, तेव्हा कॅलेंडर डोक्यात घेऊनच आले असावेत. अप्पर हट गावातल्या कारखान्यात पहिल्याच दिवशी फोरमनने त्यांचं 'लेस' करून टाकलं. निवृत्तीपर्यंत ते लेसच होते. गल्लीतही लेसच होते.

आम्ही २०१४ मध्ये शेजारी राहायला आलो. त्यांच्या पत्रपेटीवरचं नाव वाचून मी पहिल्याच भेटीत 'लास्लो' म्हणालो. ते म्हणाले, "पुन्हा म्हण." हंगेरीसारखं आमच्याकडेही शाळेच्या हजेरीपटावर आडनाव आधी येतं, हे कळल्यावर त्यांनी जर्दाळूच्या जॅमची बरणी आणून दिली.

नावांबद्दल त्यांची मतं ठाम होती. इश्त्वान नावाच्या माणसाशी वाद घालू नये. इलोना रडत नाही, रडवते. "आणि ऑत्तिलॉ? हूणांच्या राजाचं नाव. आईबापांना वाटतं, पोरगा घोड्यावर बसून जग जिंकणार. माझ्या वर्गात तिघे होते. तिघेही दातांचे डॉक्टर झाले."

माझं नाव, संजय, मात्र कॅलेंडरात नव्हतं. त्यांनी दोन दिवस विचार केला. "लीप वर्षात चोवीस फेब्रुवारी कुणाच्याच नावाचा नसतो. तो तू घे."

"चार वर्षांतून एकदाच?"

"नवीन माणसाला तेवढा पुरे."

माझी बायको मंजिरी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तिने विचारलं, "आणि तुमचा दिवस कुठला?"

"तो स्वतः सांगायचा नसतो. सांगितला की बोलावणं झालं. आमच्यात बोलावत नाहीत. दार उघडं ठेवायचं. ज्याला नाव माहीत आहे, तो येतो."

आम्ही हसलो. दिवस कुठला, ते शोधायचं राहून गेलं.

पुढच्या जूनमध्ये, इथल्या ऐन हिवाळ्यात, अंगणात दहिवर गोठलेलं असताना, मंजिरी ड्यूटीवरून परतली तर लास्लो यांचं पुढचं दार सताड उघडं होतं. आत ओव्हनचा पंखा घरघरत होता. तिने हाक मारली. ओ आली नाही. म्हातारा माणूस, थंडीत विसरला असेल, म्हणून तिने दार ओढून घेतलं आणि त्यांना तसा मेसेज टाकला. उत्तर आलं, "आभारी आहे."

त्यानंतरच्या जूनमध्ये एके दिवशी मी रजेवर घरी होतो. मंजिरी आत आली ती पर्सही खाली न ठेवता म्हणाली, "आजोबांचं दार आजही उघडं आहे. टेबलावर सहा बशा मांडल्यात." तिने फोनमधला जुना मेसेज काढला. तारीख तीच होती, सत्तावीस जून. मी हंगेरीचं कॅलेंडर शोधलं. सत्तावीस जूनपुढे एकच नाव होतं.

मंजिरीने फोन ठेवला. मग तिने रवा भाजायला घेतला.

"आधी फोन करू या का?" मी विचारलं.

"फोन केला की बोलावणं मागितल्यासारखं होईल. चल तसाच."

आम्ही शिरा घेऊन गेलो. लास्लो कोट घालून, टाय लावून टेबलाशी बसले होते. खोली बाहेरइतकीच गार होती. आम्हाला पाहून ते उठले. त्यांनी केक कापला आणि सहाही बशांत वाढला. आम्ही तिघांनी खाल्ला. शिरा त्यांनी दोनदा घेतला. डेअरीतल्या कॉतॉलिनला गेल्या नोव्हेंबरात तरी कुणी फुलं दिली का, असं त्यांनी विचारलं. आम्हाला माहीत नव्हतं.

निघालो तेव्हा अंधार पडला होता. मंजिरीने सवयीने दाराला हात घातला.

"राहू दे," लास्लो म्हणाले. "अजून संध्याकाळ आहे."