तेहेदोरांचं घराणं

राजेशम कोंगारींना, म्हणजे आमच्या अण्णांना, दवाखान्यात सलाईन लावलं होतं तेव्हाची गोष्ट. डॉक्टर नाडी बघताहेत आणि अण्णा डोळे किलकिले करून त्यांनाच विचारताहेत, "सायेब, आडनाव काय तुमचं?" डॉक्टरांनी सांगितलं. अण्णांनी त्यांचं मूळ गाव सांगितलं, पणजोबांचा बहुधा असलेला धंदा सांगितला आणि मगच ग्लानीत गेले.

जुळे सोलापुरातल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये अण्णा पहिल्या मजल्यावर, मी दुसऱ्या. मी राहायला आलो त्या दिवशी त्यांनी मला हमालांसकट जिन्यात अडवलं. "नाव ऱ्हाऊ द्या. नाव आईबाप हौसेनं ठेवतात. आडनाव बोला." केमकर म्हटल्यावर खूश झाले. "केमचे! कुंकवाचं गाव. या, चहा घ्या." कपाट खांद्यावर घेतलेले हमाल माझ्याकडे बघतच राहिले.

अण्णांचा जन्म यंत्रमागावर चादरी विणण्यात गेला. घरी तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. त्यांच्यात आडनावाला इंटिपेरू म्हणतात, म्हणजे घराचं नाव, आणि ते माणसाच्या नावाआधी लावतात. "आधी घर, मग माणूस," असं अण्णा दिवसातून दहादा तरी ऐकवायचे. बायको भाग्यलक्ष्मी गेल्यापासून तर फारच. नळ दुरुस्त करायला आलेला माणूससुद्धा घराणं सांगितल्याशिवाय पान्याला हात लावू शकत नसे.

अशा माणसाच्या एकुलत्या एक लेकीनं, सुजातानं, स्पेनमध्ये नोकरी करता करता तिथल्याच मुलाशी लग्न केलं. अण्णांनी बोलणं टाकलं. मी समजूत घालायला गेलो तर म्हणाले, "गोरा हाय, त्याचं काय न्हाय सर. पण तेहेदोर हे काय आडनाव हाय? कुटनं आलं, कोन हायती, कुनाला विचारू मी?" आवाज चढा होता, पण डोळे भरले होते. साऱ्या सोलापूरची घराणी तोंडपाठ असलेल्या बापाला स्वतःच्या लेकीचं सासर कळत नव्हतं.

मी कॉलेजात भूगोल शिकवलेला माणूस, शोधायला बसलो. तिकडेही धंद्यावरून आडनावं पडलेली. लोहाराचा एर्रेरो, मेंढपाळाचा पास्तोर. आणि तेहेदोर म्हणजे विणकर! मी धावतच खाली गेलो. वाटलं, अण्णा उडी मारतील.

"सूत का लोकर?" त्यांनी विचारलं.

"त्या भागात लोकर असणार."

"लोकरवाले," अण्णांनी नाक मुरडलं. नव्या सोयऱ्यांत खोट काढायची संधी ते कशी सोडणार? मग हळूच म्हणाले, "लावा फोन. तुमच्या फोनवरनं लावा."

पडद्यावर सुजाता आली. बापाला बघून तिला रडूच फुटलं. अण्णा इकडे छताकडे बघत "पंखा लई आवाज करतोय" म्हणाले. शेजारी जावई आंद्रेस हात जोडून बसला होता. अण्णांनी विचारलं, घरात माग किती? सुजातानं सांगितलं, त्यांच्यात कुणी विणल्याचं आजोबांनाही आठवत नाही, आजोबा बस चालवायचे. नुसतं आडनाव राहिलंय.

"आपल्यात तरी काय ऱ्हायलंय?" अण्णा म्हणाले. त्यांचे माग कधीच भंगारात गेले होते.

तेवढ्यात आंद्रेसनं काहीतरी विचारलं. सुजातानं बापाला तेलुगूतली हाक मारली. "नाना, आम्हाला बाळ होणार आहे. इथं प्रत्येकाला दोन आडनावं असतात, वडिलांचं आणि आईचंही. लग्नानंतर बाईचं बदलत नाही. बाळ तेहेदोर कोंगारी होईल. पण हा विचारतोय, माझं दुसरं आडनाव काय? अम्माचं माहेरचं? मलाही ठाऊक नाही."

अण्णांचं तोंड उघडं राहिलं. जन्मभर दुसऱ्यांना विचारत आलेल्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी आडनाव विचारलं होतं, आणि तेही त्यांच्या बायकोचं.

"दासरी," ते म्हणाले. मग घसा साफ करून पुन्हा, जरा मोठ्यानं, "दासरी भाग्यलक्ष्मी. सांग त्याला." आणि माझ्यासमोर, लेकीसमोर, परक्या जावयासमोर अण्णा पोरासारखे रडले. "मांडवात गेलं ते गेलं सर. मी बी कधी उच्चारलं न्हाय. तिला सोताला तरी याद ऱ्हायलं असंल का?"

मी फोन तेवढा नीट धरून बसलो.

निरोप घेताना अण्णांनी आंद्रेसला बाळाच्या तब्येतीला जपायला सांगितलं आणि लोकरीबद्दल अवाक्षर काढलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या दारावर नवी पाटी आली. वर कोंगारी, खाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दासरी. गॅसवाला टाकी खाली ठेवून ती वाचत होता. मी जिना उतरत होतो.

"अण्णा, ह्ये दासरी कोन? भाडेकरू ठिवला काय?"

"न्हाय रे," अण्णा पाटीवरची धूळ बोटानं पुसत म्हणाले. "मालकीण हाय घरची. पाटी लावायला मला उशीर झाला."