डोमाबाबूंची उजेडाची आणेवारी

डोमाबाबू कोणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी त्या खोलीत उजेड किती आणे आहे ते जाहीर करत. चपला काढायच्या, उंबऱ्यात उभं राहायचं, डावा डोळा मिटायचा आणि म्हणायचं, “पाच आणे.” मग पाणी प्यायचं. यजमान गोंधळून बायकोकडे बघे, बायको कंदिलाकडे बघे, आणि डोमाबाबू शांतपणे सुपारी कातरत.

ज्यांना कचेरीचा वारा लागलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. धान उभं असताना सरकारी माणसं बांध्याबांध्यांतून, म्हणजे भाताच्या खाचराखाचरांतून, फिरतात आणि पीक किती आलं त्याचा अंदाज बांधतात, ती आणेवारी. सोळा आणे म्हणजे भरघोस. आठ आण्यांच्या खाली गेलं की दुष्काळ. सरकारनं पुढे तिची पैसेवारी केली, पण डोमाजी बडवाईक यांनी ते मनावर घेतलं नाही. मोहाडीच्या कचेरीत रेकॉर्ड सांभाळायला येण्यापूर्वी त्यांची सारी उमर पीकपाहणीच्या मागे बांध्या तुडवण्यात गेली होती. पैशांत सांगितलेलं पीक त्यांना खोटंच वाटे.

मी त्यांच्या हाताखाली कारकून होतो आणि त्यांच्याच अंगणापलीकडच्या खोलीत राहायचो. म्हणजे दिवसाही डोमाबाबू आणि संध्याकाळीही डोमाबाबू. यातून सुटका फक्त बदलीनं होते, आणि माझ्या बदलीचा अर्ज कुठल्या तरी फायलीत शांत झोपला होता.

उजेडाचं हे वेड कॅमेऱ्यामुळं लागलं आणि कॅमेरा आला तो मंदामुळं. मंदा ही त्यांची एकुलती लेक. ती भिलाईला दिली होती, जावई तिथं कारखान्यात. मंदाचा मुलगा तीन महिन्यांचा असताना मोहाडीला येऊन गेला होता, त्याला काय आठवणार? आता तो दीड वर्षाचा झाला तेव्हा मंदानं लिहिलं, “आईचा एक फोटो पाठवा. बाळाला आजी दाखवायची आहे.”

दुसऱ्या कोणाच्या घरी हे काम एका सकाळीत उरकलं असतं. पण काकूंना, म्हणजे डोमाबाबूंच्या बायकोला, बारा वर्षांपूर्वी डोळ्यांचा आजार झाला. तेव्हापासून त्यांना उजेड सोसत नसे. डोळ्यांत सुया टोचल्यासारखं होई. म्हणून त्या आतल्या खोलीत राहत, खिडकीला पोतं लावलेलं, आणि उजेड म्हणजे वात खाली केलेला एक कंदील. स्वयंपाक, निवडणं-टिपणं, सगळं त्या अंदाजानं करत आणि माझ्यापेक्षा चांगलं करत. पत्र आल्यावर डोमाबाबूंनी भंडाऱ्याहून एक फोटोवाला आणवला. त्यानं त्या खोलीत फ्लॅश मारला. काकू तीन दिवस डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून पडून होत्या. डोमाबाबूंनी फोटोवाल्याला त्याच्या पेटीसकट एसटीत बसवून दिलं आणि परत येऊन मला सांगितलं, “आता मीच काढतो. भपका न मारता.”

जावयानं कॅमेरा पाठवला. भिलाईचा कोणी रशियन साहेब मायदेशी जाताना विकून गेलेला. जड म्हणजे इतका जड, की गळ्यात घातला की माणूस आपोआप नमस्कार करी. सोबत माहितीपुस्तक होतं, तेही रशियन. डोमाबाबूंनी ते हेडमास्तरांना दाखवलं, तहसीलदारांना दाखवलं, शेवटी स्वतः उलटं धरून पाहिलं.

“काय समजलं जी?” मी विचारलं.

“उलटं धरलं त जरासं मोडीवानी दिसते,” ते म्हणाले. “पन मतलब लागत नाही.”

मग एका दुपारी ते रेकॉर्डरूममधून ओरडत बाहेर आले. आम्हाला वाटलं, साप निघाला. त्यांच्या हातात कॅमेरा होता आणि ते त्याच्या भिंगावरची कडी फिरवून दाखवत होते. कडीवर आकडे होते, दोन, चार, आठ, सोळा, आणि मधे काही अर्धेमुर्धे.

“अरे, हे त आणेवारी हाये! रशियात बी आणेवारीच चालते गा!”

आम्ही पोट धरून हसलो. वाईट गोष्ट एवढीच, की माणूस बरोबर निघाला. भर उन्हात सोळावर कडी ठेवायची, ढग आले की आठवर, ओसरीत चारवर, घरात दोनवर. फोटो येत. पुढं एका स्टुडिओवाल्यानं मला भिंगाच्या छिद्राचं शास्त्र अर्धा तास समजावलं आणि मला त्यातलं काही कळलं नाही. डोमाबाबूंचं मात्र मला आजही पाठ आहे.

“आन दोन आण्याच्या खाली?” मी एकदा खोडी काढली.

“दोनच्या खाली दुष्काळ. दुष्काळात सरकार काय करते?”

“वसुली थांबवते.”

“म्हंजे मुदत देते. तशीच आपन शटरले मुदत द्याची. उजेड कमी त मुदत जास्त. एवढी सोपी गोष्ट हाये आन तो फोटोवाला डोये फोडत फिरते.”

त्यानंतर सगळ्या मोहाडीत मोजणी सुरू झाली. तहसीलदारांच्या घरी सत्यनारायण होता. आरती चालू असताना हे तहसीलदारांच्या कानाशी लागून म्हणाले, “साहेब, तुमच्या देवाले तीन आणे बी उजेड नाही.” शहापूरला माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हा वडीलधारे म्हणून मी यांनाच नेलं, ही माझी चूक. मुलगी आत येऊन बसली. पोह्यांची बशी माझ्या हातात. डोमाबाबूंनी डावा डोळा मिटला. “दीड आणा. एवढ्यात कोनी मानूस पाह्यते काय जी? पोरीले ओसरीत घ्या.” सगळे उठून ओसरीत गेलो. चांगल्या उजेडात मुलीनं मला नीट पाहिलं आणि आठ दिवसांत नकार आला.

पहिला रोल त्यांनी स्वतःच्या हातानं बुडवला. छत्तीस फोटोंच्या रोलला ते छत्तीस बांध्यांचं शेत म्हणत. जाड वहीत प्रत्येक बांधीची नोंद असे. कंदील किती हात दूर, वात किती, कडी कितीवर, मुदत किती. अठरा फोटो झाले आणि त्यांना सवयीनं आठवलं, की पीक अर्ध्यावर आलं की पाहणी करावी लागते. त्यांनी अंगणात, भर उन्हात, कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. फिल्म बोटानं उचलून पाहिली. नंतर वहीत लिहिलं, “पाहणी केली. पीक दिसत नाही.”

ते दिसणारच नव्हतं. भंडाऱ्याला रोल धुवायला गेला आणि उन्हानं सगळा काळा होऊन परत आला. डोमाबाबूंनी दोन दिवस कोणाच्या खोलीची आणेवारी काढली नाही. कचेरीत सगळ्यांना चुकल्यासारखं झालं.

दुसऱ्या रोलसाठी त्यांनी सुताराकडून सागाची तिवई करवून घेतली. तिच्यावर कॅमेरा काय, तहसीलदारसुद्धा उभे राहिले असते. मग सराव. काकूंना सारखा त्रास नको म्हणून त्यांनी ओसरीच्या कोपऱ्यात चटया बांधून अंधार केला, पाणी भरायचा मोठा पितळेचा गुंड पाटावर ठेवला आणि त्याला काकूंचं जुनं लुगडं नेसवलं. मी फाइल द्यायला गेलो तेव्हा ते पाण्याच्या गुंडाला म्हणत होते, “मंदाची माय, हालू नको, बस, दहा मोजतो.”

आतून काकूंचा आवाज आला, “माह्यापक्षा तेच बरी, जी. तिच्यासंगंच संसार करा.”

पण गुंडाचा फोटो असा सुरेख आला, की त्यावरची कल्हईवाल्याची खूण दिसली. डोमाबाबूंनी वहीत पक्की नोंद केली: कंदील दोन हात, वात निम्मी, कडी दोनवर, मुदत दहा सेकंद. प्रयोग यशस्वी.

तिसऱ्या रोलवर काकू बसल्या आणि प्रयोग पडला. गुंड आणि काकू यांच्यात एक मोठा फरक होता. गुंड बोलत नसे.

काकू बोलत. सकाळी डोळे उघडायच्या आधीपासून बोलत. त्या खोलीतून बाहेर न पडता त्यांना गल्लीतल्या प्रत्येक घरची खबर असे. चपलेच्या आवाजावरून त्या माणूस ओळखत, खोकल्यावरून त्याची तब्येत, आणि माझ्या कुलपाच्या आवाजावरून मी कचेरीत उशिरा चाललोय हे. फोटोसाठी बसल्या तरी तेच. डोमाबाबू “एक” म्हणत आणि काकू म्हणत, “दूधवाल्यानं आज पानी जास्त घातलं वाटते.” “दोन.” “तुमी जेवले काय नीट?” “तीन.” “आन ह्या पोराचं लगन कुठं जमलं काय?” हा पोर म्हणजे मी, कंदील धरून उभा.

“अवं, तोंड हाललं का फोटो बिघडते! दहा सेकंद गप बस.”

“दहा सेकंद? दहा सेकंदात तव्यावरची पोई जळते, जी.”

छत्तीसच्या छत्तीस फोटोंत मागची भिंत स्वच्छ, फळीवरचे डबे स्वच्छ, काकूंच्या हातातल्या बांगड्या मोजून घ्याव्यात अशा, आणि तोंडाच्या जागी नुसता धूर. डोमाबाबू एकेक फोटो घेऊन कचेरीभर फिरले. “पीक बरं हाये,” ते म्हणाले, “फक्त मधात पडीत हाये.” कोणी म्हणालं, काकू झोपल्यावर काढा. त्यावर ते चिडले. “मिटलेल्या डोयाचा फोटो मानूस मेल्यावर काढतेत. नातवाले ते दाखवू काय?”

असे दोन महिने गेले. मग मंदाचं दुसरं पत्र आलं. डोमाबाबूंचा वाचायचा चष्मा फुटला होता म्हणून मी ते काकूंच्या खोलीत बसून वाचलं. ख्यालीखुशाली झाली आणि खाली एक ओळ होती, “बाळ आता खूप बोलतो. शेजारच्या बाईंना आजी म्हणतो.”

मंदानं ती कौतुकानं लिहिली असावी. मी पत्राची घडी घातली.  मला आधी वाटलं, काकूंना ऐकू गेलं नसेल. मग त्या उठल्या, चाचपत पेटीपाशी गेल्या, हिरवं लुगडं काढलं आणि म्हणाल्या, “आज काढा, जी. मी नाही बोलत.”

रविवार होता, दुपारची वेळ. काकू लुगडं नेसून पाटावर बसल्या, पदर सारखा केला. मी कंदील दोन हातांवर धरला. डोमाबाबूंनी कडी दोनवर फिरवली, भिंगाला डोळा लावला आणि शटर दाबून धरलं.

“एक.”

काकू गप्प. नजर समोर, ओठ मिटलेले. मी या घरात इतकी वर्षं येत होतो, पण फळीवरच्या घड्याळाला टिकटिक आहे हे मला त्या दिवशी कळलं.

“दोन. तीन. चार.”

पाचपाशी डोमाबाबूंचा आवाज बसला. सहा त्यांनी अर्धंच म्हटलं. मी कंदील सांभाळत त्यांच्याकडं पाहिलं. सात झाले आणि खट्कन शटर मिटलं.

“काहून जी?” काकू म्हणाल्या. “दहा मोजाचे होते ना?”

“झालं. बोल तू,” डोमाबाबू म्हणाले आणि घाईनं खोलीबाहेर गेले. काकूंनी साठलेलं सगळं मला ऐकवलं. मला जेवूनच उठावं लागलं.

फोटो आला. काळपट होता, पण चेहरा होता. नाक, कपाळ, मिटलेले ओठ, आणि उजेड न सोसणारे ते डोळे चक्क उघडे. स्टुडिओवाला म्हणाला, आणखी तीन सेकंद दिले असते तर काय बहार झाली असती. फोटो भिलाईला गेला. मंदानं उलट टपाली कळवलं, की बाळ फोटोवर बोट ठेवून आजी म्हणतो, पण थोडा अंधार आहे, जमलं तर आणखी एक काढा.

कचेरीत सगळे डोमाबाबूंच्या मागे लागले. आता पद्धत सापडली, काकू तयार आहेत, नुसतं दहापर्यंत मोजायचं. मीही रेकॉर्डरूममध्ये गेलो. ते जुन्या बस्त्यांच्या गठ्ठ्यावर बसून वहीत काहीतरी खोडत होते.

“भंडाऱ्याहून रोल आणतो,” मी म्हटलं. “पण बाबू, एक सांगा. आम्ही अर्धा सेकंद चुकलो तरी तुम्ही आरडाओरड करता, आणि स्वतः तीन सेकंद खाल्ले?”

त्यांनी वहीतली आणखी एक ओळ खोडली. 

“या कॅमेऱ्याची एक खोड हाये,” मग ते म्हणाले. “शटर दाबलं का अंदरचा आरसा वर जाते. फोटो निघेपर्यंत भिंगातून काहीच दिसत नाही, साफ अंधार. दरवेळेस मंदाची माय बोलत राहे, म्हून कधी समजलं नाही. त्या दिवशी दिसे बी ना आन आवाज बी ये ना. बारा वर्षं झाली गा, त्या खोलीत ते मले आवाजानंच सापडते. मले वाटलं, समोर कोनीच नाही.”

“डोळा बाजूला घ्यायचा होता.”

“सुचलंच नाही.”

मी म्हटलं, आता माहीत झालंय, या वेळी डोळा न लावता मोजा, दहा सेकंदांचा तर प्रश्न आहे. डोमाबाबूंनी वही मिटली.

“तू रोल आणू नको,” ते म्हणाले. “मी तिले आता पुन्हा गप बसवत नाही.”