नमुन्याची टेकडी

जी गोष्ट सगळ्यांनी करायला हवी असते ती आधी सगळ्यांना शिकवावी लागते, आणि नीट शिकवून झाली की ती करायची फारशी गरज उरत नाही. शिक्षणाचं हे सामर्थ्य ज्यांना मान्य नसेल त्यांनी चिखलीजवळच्या जनताभूषण महाविद्यालयाच्या आवारातली मातीची टेकडी एकदा पाहून यावी.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती. राज्य नवं होतं, पण माती जुनीच होती आणि ती दर पावसाळ्यात ओढ्यानाल्यांनी निघून जात होती. ही बाब विद्यापीठाच्या लक्षात आली. (शेतकऱ्यांच्या ती आधीच लक्षात आली होती, पण त्यांनी रीतसर कळवलं नव्हतं.) विद्यापीठाने परिपत्रक काढलं की, माती व पाणी यांच्या जतनाचा विचार वेगळा न शिकवता प्रत्येक विषयात मुरवावा. वेगळा शिकवला असता तर वेगळा प्राध्यापक नेमावा लागला असता. आता मुरला की नाही हे ओळखायचं कसं? लोणच्याची फोड चाखून बघता येते, विद्यार्थ्याच्या बाबतीत तशी सोय नाही. म्हणून परिपत्रकानेच ठरवून दिलं की, शिक्षकाचं वाक्य संपल्यावर ऐकणाऱ्याने आपणहून मान डोलावली, तर विषय त्याच्यात मुरला असं धरावं.

प्राध्यापक मंडळी कंबर कसून कामाला लागली. गणितात उदाहरण आलं: एका वावरात नऊ इंच माती आहे, दर साल पाव इंच वाहून जाते, तर वावर किती वर्षांत संपेल? विद्यार्थ्यांनी वावर बिनचूक संपवलं आणि पैकीच्या पैकी गुण मिळवले. इंग्रजीत ढेकळाचं आत्मवृत्त लिहून झालं. वाणिज्य शाखेने वाहून गेलेली माती जावक मालात धरायची की घसाऱ्यात, यावर दोन तास वाद घातला आणि दोन्ही बाजूंना श्रेय दिलं. तर्कशास्त्राचे तात्पुरते प्राध्यापक जानराव यांनी फळ्यावर लिहिलं:

सर्व मोकळी माती वाहून जाते.
बीबीच्या वावरातली माती मोकळी आहे.
म्हणून बीबीच्या वावरातली माती वाहून जाते.

युक्तिवाद निर्दोष होता. वर्गाने मान डोलावली.

बीबी हे जानरावांचं गाव; तिथलं वावर त्यांनी हवेतून आणलं नव्हतं. ते त्यांचे वडील कडूबा यांचं होतं. उतारावरचं, पण काळंभोर, कपाशीला मानवणारं. त्या वावराच्या जोरावरच जानराव एम.ए. झाले होते. आता त्यांची एकच इच्छा होती: नोकरी पक्की व्हावी. तीन वर्षं ते दर उन्हाळ्यात नोकरीवरून निघत आणि दर पावसाळ्यात पुन्हा लागत. बायको पंचफुला बीबीलाच होती, कारण तात्पुरत्या माणसाला चिखलीत कोणी पक्की खोली देत नव्हतं.

प्राचार्य किसनरावांनी त्यांना बोलावून घेतलं. विद्यापीठाची समिती मुरण्याची पाहणी करायला येणार होती, आणि ती सुट्टीतच येणार होती. (शिकवणं बंद असताना शिक्षणाची पाहणी निवांत होते.) समितीला दिसेल असं काहीतरी हवं. आवारात मातीची टेकडी उभारावी, तिच्यावर वीतभर उंचीचे बांध घालावेत आणि माती कशी अडते ते दाखवावं. ही कामगिरी जानराव पार पाडतील. समिती खूश झाली तर त्यांच्या नावाची शिफारस होईल. जानरावांनी मान डोलावली.

अडचण एवढीच होती की महाविद्यालयाची जागा निव्वळ मुरमाड होती. मग फतवा निघाला की प्रत्येक विद्यार्थ्याने आपापल्या वावरातून एक पोतं काळी माती आणावी, त्याला पाच गुण. ज्यांच्या घरी वावरच नव्हतं अशी बरीच मुलं होती; त्यांनी विचारलं, आमच्या गुणांचं काय? प्राचार्य न्यायी होते. त्यांनी त्या मुलांना इतरांची पोती एसटी स्टँडवरून वाहून आणायची परवानगी दिली आणि तीन-तीन गुण दिले.

कामगिरीच्या प्रमुखानेच उदाहरण घालून द्यावं म्हणून जानराव सुट्टीत बीबीला गेले. माती कुठून काढायची याचा त्यांनी शास्त्रशुद्ध विचार केला. वावरातली माती काढणं म्हणजे वावराची धूप. धुऱ्यात, म्हणजे वावराच्या कडेच्या बांधात, पीक येत नाही. ज्यात पीक येत नाही ते वावर नव्हे. म्हणून धुऱ्याची माती काढणं ही धूप नव्हे. शिवाय उताराच्या अंगाचा धुरा कडूबांनी वर्षानुवर्षं भर घालून चांगला छातीएवढा केला होता, म्हणजे माती आयतीच रचलेली होती.

"धुऱ्याची नोको काढू," कडूबा म्हणाले. "पानी तेथूनच फुटन."

जानरावांनी त्यांना युक्तिवाद पायरीपायरीने समजावून सांगितला. कडूबा तिसरी शिकलेले होते. पोरगा प्राध्यापक होता, आणि पोराने इतकं नीट सांगितल्यावर चूक आपलीच असणार असं त्यांना वाटलं. समिती जूनमध्ये येऊन गेली की मी स्वतः येऊन खिंडार बुजवतो, असा शब्द जानरावांनी दिला. सहा पोती भरली. धुऱ्याला बैलगाडी जाईल एवढं दार पडलं.

एसटीच्या कंडक्टरने पोत्यांना हात लावून पाहिलं आणि विचारलं, "काय हाय मास्तर यात?"

"माती."

"माती काऊन नेऊन राह्यले?"

"माती वाहून जाऊ नये म्हणून."

कंडक्टरने जरा विचार केला. सामानाच्या दरपत्रकात मातीचा दर नव्हता, म्हणून त्याने धान्याच्या दराने सहा तिकिटं फाडली. तालुक्याच्या सगळ्या गाड्यांतून त्या महिन्यात माती येत होती. नद्यांना जे काम पावसाळाभर पुरत असे ते महाविद्यालयाने पंधरवड्यात उरकलं, आणि तेही कोरड्या हवेत.

टेकडी झकास झाली. वीतभर उंचीचे बांध, विटांना चुना लावून कडेने महिरप, आणि पाटी. समिती मात्र जूनमध्ये आली नाही. जुलैत येते म्हणाली, जुलैतही आली नाही. पाऊस सुरू झाला होता आणि मोकळी माती पावसाने वाहून जायची भीती होती (सर्व मोकळी माती वाहून जाते), म्हणून अडत्याकडून ताडपत्री आणून टेकडी झाकण्यात आली. ताडपत्री वाऱ्याने उडू नये याची जबाबदारी जानरावांवर होती. पाऊस आला की ते वर्ग सोडून धावत आणि चारही कोपऱ्यांवर दगड ठेवत.

धान्याच्या बाजाराला आलेल्या बीबीच्या पुंजाजींबरोबर कडूबांचा निरोप आला: धुरा बुजवायला ये, मले एकट्याले होत नाही. जानरावांनी दोन दिवसांची रजा मागितली. प्राचार्य म्हणाले, जरूर जा. फक्त समिती नेमकी त्याच दिवशी आली तर मी काय सांगू? पक्का माणूस कधीही जाऊ शकतो, जानराव; तात्पुरत्याने जपून राहावं. जानरावांनी हेच उत्तर बीबीला पाठवलं आणि दुसरा निरोप आला तेव्हाही हेच पाठवलं. तिसरा निरोप आला नाही.

ऑगस्टात तीन दिवसांची झड लागली आणि चौथ्या दिवशी उघडीप पाहून समिती आली. ताडपत्री काढली. टेकडी कोरडी ठणठणीत होती. अध्यक्षांनी विचारलं, एवढ्या पावसात किती माती गेली? जानराव खरं तेच बोलले: एक कणही नाही. अध्यक्ष म्हणाले, बांधांची ही किमया सर्वत्र पोचली पाहिजे. मग जानरावांनी आपला तीन ओळींचा पाठ घेतला, विद्यार्थ्यांनी मान डोलावली, विद्यार्थ्यांना पाहून समितीने डोलावली. शिरा-भजी झाली. जाता जाता अध्यक्षांनी शिफारशीचं तिथल्या तिथे सांगून टाकलं, आणि जानराव पक्के झाले.

गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा कडूबा फाटकाशी उभे होते. ते सकाळपासून आलेले होते, पण साहेब लोकांत कसं यावं म्हणून थांबले होते. त्यांनी सांगितलं ते एवढंच की, झडीचं पाणी त्या दारातून घुसलं, फुलावर आलेली कपाशी आडवी केली आणि खालचं अर्धं वावर मुरमापर्यंत खरवडून ओढ्यात नेलं.  जानराव तसेच प्राचार्यांकडे गेले आणि निदान आपली सहा पोती तरी परत द्यावीत असं म्हणाले. प्राचार्यांना वाईट वाटलं. पण ती माती आता शैक्षणिक साहित्य झाली होती. शिवाय माती जागची हलवू नये हाच तर आपला पाठ, तो आपणच कसा मोडावा? युक्तिवाद निर्दोष होता.

जानराव परत आले. कडूबा टेकडीशी उकिडवे बसून माती चिमटीत घेऊन बघत होते. चारशे वावरांच्या मातीत त्यांना आपली ओळखू येते का, हे जानरावांनी विचारलं नाही. त्यांना रडू येत होतं, आणि दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं म्हणून ते म्हणाले, "बाबा, नोकरी पक्की झाली."

कडूबांचा चेहरा उजळला. खरोखर उजळला, लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्यांनी चिमटीतली माती टेकडीवर परत टाकली आणि धोतराला हात पुसले.

"मंग जाऊ दे," ते म्हणाले. "वावर याच्यासाठीच होतं ना."

दिवाळीनंतर पंचफुला चिखलीला आली. पुढे कडूबाही आले. धुरा तसाच राहिला. टेकडीला दर साल चुना लागतो, जानरावांचा पाठ दर साल होतो, आणि त्या महाविद्यालयातून बाहेर पडलेली मुलं मोठमोठ्या गावी पक्क्या नोकऱ्यांत आहेत. माती जपली पाहिजे याबद्दल त्यांच्यात एकाचंही दुमत नाही.

वाचकांनीही आपल्या आजोबांचं वावर कोणत्या अंगाने फुटलं आहे ते जरा आठवून पाहावं. आठवत नसेल तरी काळजीचं कारण नाही. मघापासून वाचताना तुम्ही दोन-तीनदा मान डोलावलीत, म्हणजे परिपत्रकानुसार विषय तुमच्यात मुरला आहे, आणि तुम्हाला आणखी काही करायची गरज नाही.